नॅन्कॅरो यांच्या यांत्रिक पियानोवरील रचना ऐकायच्या कशा?

प्रश्न
संगीतकार कॉनलन नॅन्कॅरो यांनी यांत्रिक पियानोसाठी, म्हणजे कागदी गुंडाळीवरील छिद्रांनुसार आपोआप वाजणाऱ्या पियानोसाठी, लिहिलेल्या ‘स्टडीज’ या क्रमांकित रचनांपैकी एकविसावी मी या आठवड्यात चार वेळा ऐकली. सुरुवातीला एक आवाज (म्हणजे एक स्वतंत्र सुरावट) संथ आणि दुसरा अतिशय जलद आहे, एवढे कळते; पुढे मात्र दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि शेवटी केवळ स्वरांचा कल्लोळ कानी पडतो. या संगीतात वेगाखेरीज काय ऐकावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
वेग चटकन नजरेत भरतो खरा, पण नॅन्कॅरो यंत्राकडे वळले ते एकाच वेळी अनेक स्वतंत्र लयी चालवण्यासाठी. अशा लयी कागदी गुंडाळीवर छिद्रे पाडून वाजवता येतील, असे अमेरिकन संगीतकार हेन्री कॉवेल यांनी १९३० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात सुचवले होते. १९४० पासून मेक्सिको सिटीत राहणाऱ्या नॅन्कॅरो यांनी १९४७ मध्ये न्यूयॉर्कला जाऊन छिद्रे पाडण्याचे यंत्र मिळवले. गुंडाळीवरचे छिद्र पियानोतील पट्टीच्या छिद्रासमोर आले की हवा आत शिरते, भात्याची यंत्रणा हलते आणि हातोडी तारेवर पडते. दोन छिद्रांमधले अंतर म्हणजेच दोन स्वरांमधला काळ. त्यामुळे १७ ला १८ हे प्रमाण (एका आवाजात १७ ठोके पडतात तेवढ्याच काळात दुसऱ्यात १८) हातांना जवळजवळ अशक्य असले, तरी कागदावर ते मोजपट्टीचे काम ठरते, मग त्यात महिनोन् महिने का जाईनात. एकविसावी ऐकताना संथ सुरू होणारा आवाज धरून ठेवा. त्याची गती सतत वाढत जाते, दुसऱ्याची सतत मंदावत जाते, आणि वाटेत क्षणभर दोघांची गती सारखी होते. तो क्षण सापडला की पुढचा कल्लोळ उलगडू लागतो.

प्रतिसाद २
वरील विवेचन मान्य आहे, परंतु नवख्या श्रोत्याने एकविसावीपासून सुरुवात करू नये, असे माझे मत आहे. आधी तिसऱ्या स्टडीचा पहिला भाग ऐका. त्यात बूगी-वूगी या ठेकेदार पियानो-शैलीचा ठेका असल्याने कानाला आधार मिळतो. नॅन्कॅरो स्वतः जॅझमध्ये ट्रम्पेट वाजवत असत, हे तिथे जाणवते. त्यानंतर छत्तिसावी घ्या. तिच्यात एकच सुरावट चार आवाजांत १७, १८, १९ आणि २० या प्रमाणांतील लयींत चालते. सर्वांत संथ आवाज आधी निघतो, जलद आवाज मागून येऊन त्याला गाठतात, मध्यावर चौघे एकत्र येतात आणि तिथून पुन्हा पांगतात. आणखी एक गोष्ट म्हणजे, शक्यतो त्यांच्या स्वतःच्या पियानोंवरची ध्वनिमुद्रणे मिळवा. हातोड्यांवर त्यांनी चामडे व धातू बसवले होते. त्या कोरड्या, टणक नादामुळेच दाट जागीही प्रत्येक आवाज सुटा ऐकू येतो.

प्रश्नकर्ता
आपण दोघांचेही मनःपूर्वक आभार. छत्तिसावी आजच ऐकली. पहिल्या खेपेस चौघांची भेट हातातून निसटली. दुसऱ्यांदा मात्र प्रतिध्वनींमधले अंतर कमी कमी होत गेलेले स्पष्ट कळले आणि भेटीआधीच्या त्या काही क्षणांत मी अक्षरशः श्वास रोखून बसलो होतो. एकविसावी आता उद्या पुन्हा ऐकेन.