छोट्या पक्षांनी बातमीत यायचं तर स्टंटच करायचे का?

खुसपट_राव:
ज्या पक्षाचे सभागृहात एक-दोनच लोक आहेत, किंवा तेही नाहीत, त्यांनी मीडियात यायचं कसं? माझं मत, सरळ नाटक करा. जाडजूड जाहीरनामा घेऊन पत्रकार परिषद घेतलीत तर आतल्या पानावर चार ओळी येणार, त्याही नशीब असेल तर. ब्रिटनमधे २०२४ ला लिबरल डेमोक्रॅट्स पक्षाचे नेते एड डेव्ही बघा, पॅडलबोर्डवरून तळ्यात पडले, बंजी जंप मारली, सतत टीव्हीवर. आधीच्या निवडणुकीत ११ जागा होत्या, झाल्या ७२!

कोरी_पाटी:
आणि मतं किती वाढली तेही सांगा की. ११.५ टक्क्यांवरून १२.२, बस्स. जागा वाढल्या कारण समोरचा हुजूर पक्ष कोसळला आणि यांनी निवडक मतदारसंघांतच सगळा जोर लावला. तळ्यात पडून नाही मिळाल्या त्या.

खुसपट_राव:
जोर लावायला आधी लोकांना नाव तरी माहीत पाहिजे ना!

साडेतीन_शहाणा:
ब्रिटनमधेच मॉन्स्टर रेव्हिंग लूनी पार्टी आहे, १९८० च्या दशकापासून चित्रविचित्र टोप्या घालून निवडणुका लढवतायत, फोटो हमखास छापून येतो, खासदार आजवर शून्य. (त्यांना यायचंच नाहीये म्हणा निवडून.) नाटकाला माझा विरोध नाही, पण त्यात मुद्दा दिसला पाहिजे. १९८३ ला जर्मनीत पर्यावरणवादी ग्रीन्स पक्षाचे लोक पहिल्यांदा संसदेत गेले तेव्हा हातात कुंड्या, फुलं आणि आम्लवर्षेने सुकलेली फांदी होती, फोटो बघूनच कळतं की ही मंडळी कशासाठी आलीयेत, भाषण ऐकायची गरजच नाही.

कोरी_पाटी:
हे पटलं. पण नुसती लाट पकडूनही भागत नाही हां. स्वीडनची कॉपीराइट कायदे सैल करा म्हणणारी पायरेट पार्टी आठवा, एप्रिल २००९ ला पायरेट बे या फाइल-शेअरिंग साइटच्या लोकांना खटल्यात दोषी ठरवलं, पक्षात धडाधड सभासद आले, जूनमधे ७ टक्के मतं घेऊन युरोपियन संसदेत. पुढच्याच वर्षी देशाच्या निवडणुकीत एक टक्कासुद्धा नाही. बातमी संपली, पक्ष संपला.

नळावरचा_वाद:
तुम्ही सगळे पक्षांनाच का झोडपताय, दार अडवून कोण बसलंय ते बघा ना. अमेरिकेत १९९२ ला अध्यक्षपदाचे अपक्ष उमेदवार, अब्जाधीश रॉस पेरो यांना टीव्ही डिबेटमधे घेतलं, शिवाय स्वतःच्या पैशाने टीव्हीवर अर्ध्या-अर्ध्या तासाचे स्लॉट घेऊन तक्ते दाखवत बसला हा माणूस आणि लोकांनी बघितलं, जवळपास १९ टक्के मतं. १९९६ ला स्वतःचा रिफॉर्म पक्ष काढून उभे राहिले तर डिबेटला बोलावलंच नाही, ८ टक्क्यांवर आले. नंतर तर नियमच केला, पोलमधे १५ टक्के असाल तरच स्टेजवर. आता स्टेजशिवाय १५ टक्के आणायचे कुठून?

खुसपट_राव:
म्हणूनच म्हणतोय नाटक करा!!

बातमीदार_माजी:
पेपरच्या डेस्कवर काम केलंय म्हणून सांगतो. छोट्या पक्षाची प्रेस नोट वाचली जात नाही कारण ती आठ पानांची असते आणि रात्री उशिरा येते. आम्हाला लागतो एक आकडा, त्या प्रश्नाने होरपळलेला एक माणूस आणि एक बरा फोटो, तोही पान लागायच्या आत. मोठ्या पक्षाचा प्रवक्ता फोन उचलत नाही तेव्हा तुम्ही उचला, दोन वाक्यांत बोला, पुढच्या वेळी रिपोर्टर आधी तुम्हालाच फोन करेल.

नळावरचा_वाद:
आणि संपादक ती दोन वाक्यं कापेल.

बातमीदार_माजी:
कापेल कधीकधी. तरी फोन उचला.