मसूर १०० ग्रॅमला २५ ग्रॅम प्रथिनं, मग वाटीत एवढी कमी कशी?

मोजूनमापून
वजन ६० किलो. मांस-अंडी नाही, दूध चालतं. ॲपमध्ये मसूर कधी २५ ग्रॅम दाखवतो, कधी ९. धरायचं काय? आणि शेंगदाणे वाढवून भागेल का?

भिजत_घोंगडं
दोन्ही आकडे बरोबर. २५ कोरड्या मसुराचा, ९ शिजलेल्याचा. शिजताना तो पाणी पिऊन अडीचपटीच्या वर जड होतो, प्रथिनं आहेत तेवढीच राहतात. म्हणून काट्यावर कोरडाच मोजा. वाटी फसवते, पातळ केलं की निम्मी पाण्यानेच भरते.

निरोगी प्रौढाला वजनाच्या किलोमागे रोज ०.८ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे तुम्हाला ४८. डाळी-धान्यांची प्रथिनं जरा कमी पचतात, तेव्हा ५५ धरा. कोरडा मसूर ६० ग्रॅम (१५), दूध-दही मिळून ४०० मिली (१३), गव्हाचं पीठ २०० ग्रॅम (२०च्या आसपास). उरलेले ७-८ कोरड्या सोयावडीच्या १५ ग्रॅममध्ये येतात. पिठातले २० लोक मोजतच नाहीत आणि पावडरीचा डबा घेऊन येतात!

प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यातलं लायसीन धान्यात कमी, मेथिओनिन कडधान्यात. धान्य आणि कडधान्य दोन्ही दिवसभरात पोटात गेली की झालं, एकाच ताटात हवीत असं नाही.

चिमूटभर
शेंगदाण्यांवर भिस्त नको. २० ग्रॅम प्रथिनांसाठी ८० ग्रॅम खावे लागतील, म्हणजे जवळपास ४५० कॅलरी. मूठभर ठीक.

राजमा घेणार असाल तर रात्रभर भिजवा, ते पाणी फेका आणि नव्या पाण्यात निदान १० मिनिटं खळखळून उकळा, मग शिजवा. थेट मंद आचेवर ठेवला तर मऊ होतो, पण त्यातलं लेक्टिन (कच्च्या राजम्यातलं विषारी प्रथिन) तसंच राहतं आणि उलट्या सुरू होतात.

लोहासाठी कडधान्यावर लिंबू पिळा. चहा जेवणानंतर तासाभराने, नाहीतर त्यातले टॅनिन लोह अडवतात.

भिजत_घोंगडं
बी-१२ राहिलं. रोज २.४ मायक्रोग्रॅम लागतं, ४०० मिली दुधात साधारण पावणेदोन मिळतं. स्पिरुलिनावर विसंबू नका, त्यातलं बहुतेक बी-१२ शरीराला वापरता येत नाही. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर रक्तक्षय सुधारलेला दिसतो, पण नसांची हानी आतून चालूच राहते. हातापायाला मुंग्या येत असतील तर आधी रक्त तपासा, मग गोळी. आधी गोळी घेतली की रिपोर्टमधला आकडा वर जातो आणि मूळ कमतरता कळत नाही.