काळ्या गाडीवर धुण्यामुळे जाळं आलंय, सल्ला हवा

गाडी काळी, दोन वर्षांची. दर रविवारी मी स्वतः धुतो. काल तिरपं ऊन बॉनेटवर पडलं आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल बारीक रेषा दिसल्या. फार वाईट वाटलं. मी गोल हात फिरवतच नाही, मग रेषा गोल कशा? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
रेषा गोल नसतात, सगळ्या दिशांना असतात. उजेडाला आडव्या असतील त्याच चमकतात, म्हणून वर्तुळ भासतं. मोबाइलचा टॉर्च सरकवा, जाळंही सोबत सरकेल. स्पंज वापरता का? त्याच्या सपाट अंगाखाली मातीचा कण अडकतो आणि रंगावर घासत जातो. लांब धाग्यांचा मायक्रोफायबर हातमोजा घ्या आणि दोन बादल्या ठेवा, एकीत शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. प्रत्येक भाग झाला की हातमोजा आधी साध्या पाण्यात खळबळायचा, मगच शॅम्पूत. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे हात लावण्याआधी पाण्याच्या झोताने सुटेल तेवढी माती काढा. दारांचा खालचा भाग शेवटी.

प्रतिसाद २
कोरड्या धुळीवर फडकं मारत असाल तर आजच थांबवा. धुतल्यावरही रगडू नका, जाड मायक्रोफायबर टॉवेल नुसता टेकवून पाणी टिपा. खाली पडलेलं फडकं पुन्हा गाडीला लावायचं नाही. आणि धुवा सावलीतच, नाहीतर क्षारांचे डाग बसतात.

धागाकर्ता
स्पंजच वापरतो, आणि फडकं तर रोज सकाळी मारतो! आता आहेत त्या रेषा वॅक्सने जातील का?

प्रतिसाद १
वॅक्सने झाकल्या जातात, काही धुण्यांनंतर परत दिसतात. घालवायच्या तर पॉलिश. पण रंगावरचा पारदर्शक थर (क्लिअर कोट) साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाएवढाही जाड नाही, आणि पॉलिश त्यातलाच थोडा थर काढतं. त्यामुळे दर दोन महिन्यांनी करायचं काम नव्हे. रेषेवर नख फिरवा. अडकलं तर ओरखडा खोल आहे, तो सोडून द्या. बाकी ठिकाणी ड्युअल अ‍ॅक्शन मशीन (पॅड गोल फिरवता फिरवता हलवणारं पॉलिशिंग मशीन), मऊ पॅड आणि सगळ्यात सौम्य पॉलिश, तेही आधी वीतभर जागेवर. कडांना टेप लावा, तिथे थर पातळ असतो.

धागाकर्ता
बॉनेटच्या कोपऱ्यात टेप लावून करून पाहिलं. टेपच्या एका बाजूला जाळं, दुसऱ्या बाजूला काळा आरसा! फक्त एक रेष उरली, तिथे नख अडकतंय. ती राहू देतो.