स्नायू, पेशी की बेटकुळी?

फिजिओथेरपीच्या एका पत्रकाचं मराठी करतेय. मूळ हिंदीत जिथेतिथे ‘मांसपेशियाँ’. मी ‘मांसपेशी’ तसंच ठेवलं, तर तपासणाऱ्या बाईंनी सगळीकडे खोडून ‘स्नायू’ केलं. मांसपेशी मराठी नाही का?

*

बाईंचं बरोबर आहे. आपली पेशी म्हणजे शाळेत कांद्याच्या पापुद्र्यात बघितलेली. हिंदीत तिला कोशिका म्हणतात. गंमत अशी की स्नायूचा एकेक तंतू ही एकच लांबलचक पेशी असते, आत केंद्रकं मात्र ढीगभर. अशा तंतूंच्या जुड्या, जुडीला वेष्टण, सगळ्या जुड्यांवर आणखी एक वेष्टण. आपण ‘स्नायुपेशी’ लिहून मोकळे होतो. हिंदी शब्द ठेवलात तर ‘पेशीची पेशी’ लिहावं लागेल.

*

पण जुनी वाटणी वेगळी होती हं. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात पेशी ५०० आणि स्नायू ९००, असे वेगवेगळे मोजलेत. तिथली पेशी मांसाची. स्नायूचं काम बांधण्याचं. उपमा नावेची आहे: फळ्या दोरांनी घट्ट बांधल्या की नाव भार पेलते, तसं शरीर. म्हणजे आपण ज्याला अस्थिबंध (हाडाला हाड बांधणारी पट्टी) म्हणतो त्याच्या जवळपासचं काहीतरी. बंगालीत तर स्नायु म्हणजे मज्जातंतू! तिकडचा मजकूर हाती आला तर सांभाळून.

*

आणि सांध्याजवळ दोरीसारखं लागतं ते? आमच्या घरी सरसकट ‘शीर’ म्हणतात.

*

सगळ्यांच्याच घरी म्हणतात. ती कंडरा. जड टेबलाखाली तळहात वर करून टेबल उचलायला बघा आणि दुसऱ्या हाताचं बोट कोपराच्या खळीत ठेवा. ताठ दोरी लागेल. शीर रक्ताची; ही स्नायूला हाडाशी जोडते, कोपरापासून जेमतेम चार-पाच सेंटिमीटरवर. हातात पिशवी धरली तर ती मात्र कोपरापासून तिसेक सेंटिमीटर दूर, तळहातात. म्हणून ५ किलोच्या पिशवीला स्नायूला सहा-सात पट जोर काढावा लागतो. बदल्यात तो जरासा आखूड झाला तरी हात झपकन वर येतो.

पत्रकात ‘स्नायू हाड ढकलतो’ असं कुठे असेल तर आधी खोडा. स्नायूला फक्त ओढता येतं. भिंत ढकलतानासुद्धा दंडामागचा स्नायू कोपर ओढून सरळ करत असतो.

*

‘स्नायू आखडतो’ लिहिलं तर चालेल ना? ‘आकुंचन पावतो’ फार पुस्तकी वाटतं.

*

नको. ‘मान आखडली’ म्हणणारा पेशंट ते दुखणंच समजेल. ‘आखूड होतो’ लिहा. तेही पूर्ण स्नायूबद्दल. आतले बारीक धागे आखूड होत नाहीत, ते एकमेकांमध्ये सरकतात.

*

बेटकुळी कशी विसरलात सगळे? दंड फुगवून ‘बघ माझी बेटकुळी’ म्हणायचो, कातडीखाली बेडकी बसल्यासारखी दिसायची म्हणून. इंग्रजी ‘मसल’चं मूळ लॅटिनमध्ये ‘छोटा उंदीर’ असं आहे. त्यांना उंदीर दिसला, आपल्याला बेडूक.

*

बेटकुळी पत्रकात घातली तर बाई पुन्हा खोडतील. :) शेवटचं: रात्री पोटरीत येतो तो ‘पेटका’ की ‘गोळा’?

*

गोळा. आमच्याकडे ‘वांब’ म्हणतात, पण तुमच्या बाईंना तो कळेल असं वाटत नाही.