क्लबहाऊसच्या भिंतीवर ऑर्मोंड

सेक्रेटरी: क्लबहाऊसचा रंग झाला. टीटी टेबलामागची भिंत मोकळी आहे. ए-४०३ चे काका घोड्याच्या चित्राची मोठी फ्रेम सोसायटीला देतायत. फोटो वर टाकलाय. हरकत असेल तर आजच सांगा.

बी-२०२ ताई: घोडे सात लागतात ना? आणि पळणारे. नणंदेकडे तसेच आहेत.

ए-४०३ काका: अगं, सातांना भारी पडेल हा एकटा. ऑर्मोंड! १६ शर्यती, १६ विजय. १८८६ मध्ये टू थाउजंड गिनीज, डर्बी आणि सेंट लेजर, इंग्लंडच्या या तिन्ही मानाच्या शर्यती मारल्या. मूळ तैलचित्र एमिल अ‍ॅडमचं. म्युनिकचा चित्रकार, आजोबाही घोडे आणि लढाया रंगवायचे.

सी-१०१: काका, डर्बीविनर आणि नुसता उभा?

काका: अरे, मालकाला आपला घोडा मिरवायचा असायचा. खांदा, पुठ्ठे, चारही पाय सुटे दिसले पाहिजेत. आणि पळता घोडा तेव्हा चुकीचाच रंगवायचे. पुढचे पाय पुढे, मागचे मागे ताणलेले, पोट जमिनीला टेकायला आलेलं. १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात मायब्रिज नावाच्या फोटोग्राफरने ओळीने कॅमेरे लावले तेव्हा कळलं, चारही पाय अधांतरी असतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना.

ताई: आणि वर बसलेला?

काका: फ्रेड आर्चर. पिवळा शर्ट, काळी टोपी म्हणजे ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टरचे रंग. सलग १३ वर्षं इंग्लंडचा चॅम्पियन जॉकी. याच ड्यूकच्या बेंड ऑरवर, म्हणजे ऑर्मोंडच्या बापावर, १८८० ची डर्बी काढली. त्याआधी काही आठवडे दुसऱ्या एका घोड्याने दंड चावून फाडला होता. तरी बसला, एका हाताच्या जोरावर. हेडने, म्हणजे घोड्याच्या डोक्याएवढ्या फरकाने, जिंकला!

डी-३०४ डॉक्टर: जॉकीच्या मानाने पाय फार लांब वाटतात.

काका: डॉक्टरसाहेब, बरोबर पकडलंत. उंची जवळजवळ पाच फूट दहा इंच. वजन उतरवायला उपास, वर जुलाबाचं जहाल औषध. १८८६ च्या शरदात असंच वजन उतरवून एक शर्यत खेळला, थोडक्यात हरला आणि तापाने पडला. बायको दोन वर्षांपूर्वीच बाळंतपणानंतर गेली होती. नोव्हेंबरात त्या तापाच्या भरात आत्महत्या केली. वय २९.

डॉक्टर: बाप रे. आणि घोडा?

काका: त्याच्या घशाने दगा दिला. पळताना घरघर ऐकू यायची. तरी १८८७ मध्येही हरला नाही. पुढे अर्जेंटिनाला विकला, तिथून कॅलिफोर्नियाला.

ताई: काका, रागावू नका, पण त्या हॉलमध्ये बारशी-डोहाळजेवणं होतात. उपाशी माणसाचं चित्र?

सी-१०१: मग जिममध्ये लावा.

डॉक्टर: जिममध्ये अजिबात नको. तिथली पोरं आधीच वजनकाट्यावर दिवसातून चारदा चढतात.

काका: अहो, मी घोडा देतोय. जॉकी नुसता वर बसलाय.

सेक्रेटरी: टीटी टेबलामागेच लावतोय. ड्रिलवाला रविवारी ११ वाजता. काका, फ्रेमची मापं पाठवा.