गच्चीची गळती वरच्या मजल्याच्या माथी मारू नका

गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा खर्च फक्त वरच्या मजल्यावाल्यांनी करावा, असं एकांचं म्हणणं वाचलं. मला ते अजिबात पटलं नाही. गच्ची सगळ्यांची असते. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे गृहनिर्माण सोसायट्यांच्या कारभाराच्या नमुना नियमांप्रमाणे, तिची गळती काढणं हे सोसायटीचंच काम. फ्लॅटच्या आतल्या संडास-बाथरूमची गळती तेवढी सभासदाची. दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधी घेतात तो यासाठीच ना?

पण वॉटरप्रूफिंगच्या आधी पावसाच्या पाण्याचे पाइप बघा. आम्ही दोन वर्षं स्लॅबला दोष देत होतो. मे महिन्यात प्लंबरने जाळी काढून आत हात घातला, तर कबुतरांची पिसं, वेफर्सची पाकिटं आणि पिंपळाच्या मुळांचा नारळाएवढा गुंता निघाला. पाणी तुंबून कठड्याच्या कडेने मुरत होतं. पिंपळ नुसता छाटू नका, परत फुटतो. मुळासकट काढून भेग भरून घ्या.

आणि हो, मेमध्ये धावपळ करून चांगले कारागीर मिळत नाहीत. ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा घ्यावीच लागते, तिथेच खर्च मंजूर करा आणि दिवाळीनंतर कोटेशनं मागवा.