आईचं बुडालेलं गाव: पळसदेवला कधी जावं?

प्रश्न:
आईचं बालपण जुन्या पळसदेवात गेलं. उजनी धरण १९८० च्या सुमारास पूर्ण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. तिला पळसनाथाचं जुनं देऊळ बघायचंय. पुण्याहून गाडीने निघू. सोबत बाबा, आम्ही दोघं आणि लेक. आईचे गुडघे दुखतात. लेकीला भिगवणचे रोहित पक्षीही बघायचेत. दोन्ही एकाच फेरीत होईल का? नाहीच जमलं तर देऊळ आधी. आई आता सत्तरीला आली, मला हे पुढे ढकलायचं नाही.

उत्तर:
एकत्र अवघड आहे. रोहित हिवाळ्यात, तेव्हा धरण बऱ्यापैकी भरलेलं असतं. देऊळ उघडं पडतं ते उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर, तेही दरवर्षी सारखं नाही. निघण्याआधी गावात फोन करून पाणी कुठवर आहे ते विचाराच.

उत्तर:
आमचंही गाव उजनीतच गेलं. गाळ वरून वाळलेला दिसतो, आत पाय रुततो. आईंना स्थानिक माणसाशिवाय पुढे नेऊ नका. पाणी असेल तर मच्छीमारांची होडी मिळते का बघा. भल्या पहाटे निघा, मे महिन्यात दहानंतर तिथे सावली नाही. आणि वरच्या नव्या गावात आईंच्या वयाची माणसं भेटतील, त्यांच्यासाठी दुपार मोकळी ठेवा.

प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. मे ठरला. आईने आत्ताच मावशीलाही फोन लावलाय, म्हणजे आता मोठी गाडी लागणार.